घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत लाल समुद्रशैवाल वाढवताना

खाऱ्या पाण्याची टाकी सांभाळण्याविषयी नवख्या माणसाला जो सल्ला मिळतो, तो बहुतेक वेळा एकाच दिशेचा असतो. पाण्यातील नायट्रेट आणि फॉस्फेट शक्य तितके खाली ठेवा, नाहीतर काचेवर आणि खडकांवर शैवाल माजेल, असे त्याला बजावले जाते. प्रवाळांच्या टाकीसाठी हा सल्ला ठीक आहे. परंतु ज्याला शैवालच वाढवायचे आहे, त्याने तो तंतोतंत पाळला तर त्याचे शैवाल उपाशी मरते. माझ्या पहिल्या टाकीत हेच घडले. ग्रॅसिलेरिया या गडद तांबड्या शैवालाचा मूठभर झुबका मी मोठ्या हौसेने आणला, दर आठवड्याला पाणी बदलले आणि फॉस्फेट शोषून घेणारे माध्यमही फिल्टरमध्ये घातले. तीन आठवड्यांत तो झुबका वाळलेल्या गवताच्या रंगाचा झाला आणि सहाव्या आठवड्यात त्याच्या फांद्या चिमटीत धरताच तुटू लागल्या. त्या सर्व काळात टेस्ट किटवर नायट्रेट शून्य दिसत होते आणि मला ते चांगले लक्षण वाटत होते. पुढील मार्गदर्शन त्या झुबक्याने शिकवलेल्या गोष्टींवर आधारलेले आहे.

रंग कशाचा आहे, हे आधी समजून घ्यावे

लाल शैवाले रोडोफायटा या गटात मोडतात आणि त्यांच्या सुमारे ७,००० जाती ज्ञात आहेत. त्यांना मुळे, खोड आणि पाने नसतात. संपूर्ण शरीराला कायक म्हणतात आणि हा कायक आपल्या सगळ्या पृष्ठभागाने पाण्यातून पोषण शोषून घेतो. खडकाला धरून ठेवणारी तळाची चकतीसारखी पकड हे काही मूळ नव्हे, म्हणून ग्रॅसिलेरिया वाळूत रोवणे किंवा वाळूखाली खताच्या गोळ्या पुरणे निरुपयोगी आहे. शैवालाला जे काही द्यायचे, ते पाण्यातूनच द्यावे लागते.

त्यांचा लाल रंग फायकोएरिथ्रिन या रंगद्रव्यामुळे येतो. हे रंगद्रव्य हिरवा आणि निळसर हिरवा प्रकाश शोषून घेते व त्यातील ऊर्जा टप्प्याटप्प्याने हरितद्रव्याकडे पोचवते. टाकी सांभाळणाऱ्याच्या दृष्टीने याहून महत्त्वाची बाब अशी की फायकोएरिथ्रिन हे प्रथिन आहे, आणि प्रथिन म्हटले की त्यात नायट्रोजन आलाच. पाण्यात नायट्रोजन मुबलक असला की शैवाल हे रंगद्रव्य भरपूर बनवते, आणि तुटवडा पडला की तेच मोडून त्यातील नायट्रोजन वाढीसाठी वापरते. म्हणजे शैवालाचा लाल रंग ही त्याची शिल्लक आहे. झुबका फिका पडू लागला की ती शिल्लक खर्च होत आहे असे समजावे; टेस्ट किट काय सांगते हे त्यानंतर पाहावे.

हे रंगद्रव्य पाण्यात विरघळते. ते प्रत्यक्ष पाहायचे असेल तर छाटणीत निघालेली एखादी फांदी चुरगळून पांढऱ्या वाटीत गोड्या पाण्यात टाकावी आणि रात्रभर तशीच ठेवावी. गोड्या पाण्यात पेशी फुगून फुटतात आणि सकाळी वाटीतील पाण्याला गुलाबी छटा आलेली दिसते, तर फांदी विटलेल्या रंगाची झालेली असते. हीच गुलाबी छटा पुढे कधी टाकीत एखाद्या झुबक्याभोवती दिसली, तर तेथील पेशी मरत आहेत हे ओळखता येते. म्हणून हा साधा प्रयोग प्रत्येकाने एकदा तरी करावा.

येथे एका गैरसमजाचाही उल्लेख करायला हवा. नव्या टाकीत वाळूवर आणि खडकांवर जो लालसर किरमिजी, बुळबुळीत थर पसरतो, ते लाल शैवाल नसते. तो सायनोबॅक्टेरियाचा थर असतो. त्याला फांद्या किंवा निश्चित आकार नसतो, तो पापुद्र्यासारखा अख्खा सोलून निघतो आणि दुपारनंतर त्यात हवेचे बुडबुडे अडकलेले दिसतात. तो नळीने ओढून काढावा.

जात निवडताना

पहिले शैवाल म्हणून मी ग्रॅसिलेरियाच सुचवेन. तिच्या दोरीसारख्या, पुन्हा पुन्हा फुटणाऱ्या फांद्या मोकळ्या तरंगत राहिल्या तरी वाढतात, तुटलेल्या तुकड्यापासून नवा झुबका तयार होतो, आणि प्रकाश किंवा पोषण थोडे मागेपुढे झाले तरी ती लगेच मान टाकत नाही. याच प्रजातीतून खाद्यपदार्थ घट्ट करण्यासाठी लागणारे अगर काढले जाते, त्यामुळे तिच्या शेतीचा अनुभव मोठा आहे आणि तिच्या गरजा चांगल्या माहीत आहेत.

दुसऱ्या टप्प्यावर बोट्रिओक्लेडिया घ्यावी. हिच्या बारीक देठांवर द्राक्षांच्या घडासारख्या लालभडक गोल पिशव्या लागतात. त्या पिशव्यांत हवा नसून पातळ चिकट द्रव असतो, आणि मागून विजेरीचा झोत टाकला तर एकेक पिशवी माणकासारखी उजळते. ही सावकाश वाढते, परंतु एकदा रुळली की फार त्रास देत नाही. हॅलिमेनिया दिसायला सर्वांत देखणी आहे. तिचे रुंद, झालरीसारखे पाते प्रवाहात डोलताना आगीच्या ज्वाळेसारखे दिसते, म्हणूनच नवखा माणूस तिच्याकडे आधी ओढला जातो. मात्र ती नाजूक असते, तिची कड फाटली की तेथून कुजायला लागते आणि उपासमार तिला मुळीच सोसत नाही. टाकी किमान तीन-चार महिने स्थिर झाल्याशिवाय ती आणू नये.

चुन्याचे अंग असलेल्या लाल शैवालांचा वेगळा विचार करावा लागतो. हॅलिप्टिलॉन, गॅलॅक्सॉरा आणि खडकांवर जांभळ्या गुलाबी थराच्या रूपाने पसरणारी कोरॅलाइन शैवाले आपल्या शरीरात कॅल्शियम कार्बोनेट साठवतात, म्हणून त्यांना पाण्यातील कॅल्शियम आणि अल्कलिनिटी (मुख्यतः विरघळलेली कार्बोनेटे) सतत पुरवावी लागते.

काही शैवाले दारातच थांबवावीत. हिप्नियाच्या काही जाती खडकावर एकदा बसल्या की निघत नाहीत. कापसाच्या पुंजक्यासारखे दिसणारे बारीक गुलाबी लाल गोळे इतर शैवालाबरोबर नकळत येतात आणि सर्वत्र पसरतात. त्यातील काही ॲस्परॅगोप्सिस या लाल शैवालाच्या जीवनचक्रातील एक अवस्था असतात. कॉन्ड्रस क्रिस्पस ही उत्तर अटलांटिकच्या थंड पाण्यातील जात आहे आणि उबदार पाण्याच्या टाकीत ती टिकत नाही.

टाकी आणि पाणी

पहिली टाकी ७५ ते १०० लिटरची असावी. त्याहून लहान टाकीत तापमान आणि खारेपणा फार लवकर बदलतो, आणि ते सावरण्याइतका अनुभव सुरुवातीला नसतो. टाकीबरोबर हीटर, पाणी खेळते ठेवणारा एक पॉवरहेड, टायमरवर चालणारा दिवा, खारेपणा मोजण्यासाठी रिफ्रॅक्टोमीटर आणि नायट्रेट, फॉस्फेट, अमोनिया व अल्कलिनिटी यांची टेस्ट किट एवढे साहित्य लागते. प्रोटीन स्किमर, म्हणजे पाण्यातील सेंद्रिय कचरा फेसाबरोबर बाहेर काढणारे यंत्र, सक्तीचा नाही. तो असल्यास पाण्यात हवा चांगली मिसळते, पण तो चोवीस तास जोरात चालवला तर विष्ठा आणि उरलेले खाद्य कुजून शैवालाचे पोषण बनण्याआधीच बाहेर पडते. त्यामुळे शैवालाच्या टाकीत तो रात्रीपुरता चालवणे मला योग्य वाटते.

नळाचे पाणी थेट वापरू नये. त्यातील क्लोरीन अपायकारक असते, आणि तांबे अगदी अल्प प्रमाणातही शैवालाला विषारी ठरते. आरओ आणि त्यापुढे डीआयोनायझेशन (उरलेले क्षार काढून टाकणे) झालेले, टीडीएस म्हणजे विरघळलेले पदार्थ मोजणाऱ्या मीटरवर शून्य दाखवणारे पाणी घ्यावे. ते बादलीत भरून पंप आणि हीटर चालू करावा आणि मगच त्यात हळूहळू समुद्री मीठ घालावे. मिठावर पाणी ओतल्यास तळाशी खारेपणा एकदम वाढतो, कॅल्शियम कार्बोनेट साक्याच्या रूपाने बाहेर पडते आणि पाणी दुधाळ होते. मिश्रण एक दिवस फिरत ठेवून मग खारेपणा मोजावा. तो दर हजारी ३५ भाग, म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६ असावा. तापमान २३ ते २६ अंश सेल्सिअसच्या दरम्यान स्थिर ठेवावे, कारण २८ अंशांच्या वर नाजूक जाती लवकर सडतात. अल्कलिनिटी ८ ते ९ डीकेएच (अल्कलिनिटीचे एकक), कॅल्शियम सुमारे ४२० पीपीएम (दर दशलक्षी भाग) आणि मॅग्नेशियम सुमारे १,३०० पीपीएम असले की बहुतेक सर्व जाती समाधानी राहतात.

टाकीतून वाफ होऊन पाणी उडते, मीठ मात्र मागे राहते. म्हणून रोज घटणारी पातळी केवळ गोड्या आरओ पाण्याने भरून काढावी. हे काम चार-चार दिवस टाळून एकदम दहा लिटर पाणी ओतणाऱ्याच्या टाकीतील शैवालाला खारेपणाचे हेलकावे बसतात, आणि पेशी फुगून रंगद्रव्य गळण्याचा जो प्रकार आपण वाटीत पाहिला, तोच लहान प्रमाणात टाकीत घडतो.

खडक आणि वाळू घातल्यावर टाकीला जीवाणूंची घडी बसण्यासाठी चार ते सहा आठवडे द्यावेत. या काळात अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट होऊ लागते. शैवालाला थोडा अमोनिया बाधत नाही, उलट ते नायट्रेटच्या आधी अमोनियमच उचलते. तरीही या घाईच्या काळात खडकांवर डायॅटम या तपकिरी सूक्ष्म शैवालाची आणि हिरव्या केसाळ शैवालाची लाट येते आणि ती नव्या झुबक्याला झाकून टाकते. ती लाट ओसरेपर्यंत थांबावे.

प्रकाश आणि प्रवाह

लाल शैवाल खोल पाण्यात सापडते म्हणून त्याला अंधार लागतो, असा तर्क अनेक जण करतात. बहामाजवळच्या समुद्रात १९८४ साली २६८ मीटर खोलीवर कोरॅलाइन लाल शैवाल जिवंत आढळले, हे खरे आहे. परंतु ग्रॅसिलेरियाच्या अनेक जाती भरती-ओहोटीच्या उथळ पट्ट्यात भर उन्हात वाढतात. म्हणून प्रकाश जातीप्रमाणे ठरवावा. प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणाऱ्या प्रकाशाची तीव्रता ‘पार’ (PAR) या मापात मोजतात. हॅलिमेनिया आणि बोट्रिओक्लेडियासाठी ५० ते १०० पार पुरेसा आहे, तर ग्रॅसिलेरियासाठी ७५ ते १५० पार ठेवता येतो. पार मीटर नसेल तर नवे शैवाल टाकीच्या खालच्या अर्ध्या भागात ठेवावे आणि दोन-तीन आठवड्यांत रंग पाहून थोडे थोडे वर सरकवावे. दिवा रोज आठ ते दहा तास लागावा आणि तो टायमरनेच लागावा. हाताने लावलेल्या दिव्याची वेळ पाळली जात नाही, हे मी पुरेशा वेळा पाहिले आहे.

दिव्याचा रंगही जपून निवडावा. प्रवाळांसाठी लावतात त्या गडद निळ्या एलईडीखाली लाल शैवाल वाढू शकते, परंतु निळ्या प्रकाशात परावर्तित करण्याजोगा लाल भागच नसल्याने ते जवळजवळ काळे दिसते आणि त्याचा रंग उतरला तरी कळत नाही. ज्या टाकीत रंगावरूनच प्रकृती ओळखायची आहे, तेथे हा मोठा तोटा आहे. पांढरा, पूर्ण वर्णपटाचा दिवा घ्यावा. निळा दिवा आधीच असेल तर आठवड्यातून एकदा साध्या पांढऱ्या विजेरीच्या उजेडात प्रत्येक झुबका नीट न्याहाळावा.

प्रवाहाचे काम पोषण शैवालाच्या अंगापर्यंत पोचवण्याचे असते. पाणी थबकले की कायकाला चिकटून असलेल्या पातळ थरातील नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड संपतो, आणि टाकीभर पोषण असूनही ते शैवाल उपाशी राहते. शिवाय त्यावर गाळ बसतो. तासाला टाकीच्या आकारमानाच्या दहा ते वीस पट पाणी फिरेल असा पंप लावावा, पण त्याचे तोंड काचेकडे वळवावे, म्हणजे फांद्या झोडपल्या न जाता डोलत राहतील. पंपाच्या शोषण तोंडावर स्पंजाची टोपी हवीच, अन्यथा पहिला तुटलेला तुकडा त्यात अडकतो.

शैवाल आणणे, तपासणे आणि बसवणे

घेताना फांदी हलक्या हाताने वाकवून पाहावी. निरोगी ग्रॅसिलेरिया लवचीक असते आणि वाकवल्यावर परत सरळ होते. पांढरी किंवा पारदर्शक टोके, नारिंगी डाग, बुडाशी बुळबुळीतपणा आणि कुजका वास यांपैकी काहीही आढळल्यास ते शैवाल घेऊ नये. घरी आल्यावर पिशवी बंद अवस्थेत वीस मिनिटे टाकीच्या पाण्यावर तरंगू द्यावी. नंतर पिशवीतील पाण्याचा खारेपणा मोजावा आणि फरक असल्यास अर्ध्या तासात टाकीचे पाणी थोडे थोडे मिसळत तो जुळवून घ्यावा. पिशवीतील पाणी टाकीत ओतू नये.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात. नवे शैवाल थेट टाकीत न टाकता, एखाद्या वेगळ्या काचेच्या भांड्यात हलका प्रकाश आणि हवेचा पंप लावून किमान दोन आठवडे ठेवावे. दिवे मालवल्यावर तासाभराने विजेरी घेऊन पाहिले की दिवसा लपलेले जीव बाहेर येतात. खेकड्यांची पिल्ले, एप्टेशिया नावाचे लहान पारदर्शक समुद्रफूल आणि शैवाल फस्त करणारे समुद्री ससे (एक प्रकारच्या समुद्री गोगलगायी) याच वेळी हाती लागतात. फांद्यांवर हिरवे केसाळ शैवाल असल्यास तो भाग कापून टाकावा. हायड्रोजन पेरॉक्साइडचे बुडवण किंवा शैवालनाशक औषध येथे वापरू नये, कारण ज्या जिवाला वाचवायचे तोही शैवालच आहे. गोड्या पाण्यात बुडवण्याविषयी वाटीच्या प्रयोगानंतर वेगळे सांगायला नको.

बसवण्यासाठी प्रवाळांच्या कामात वापरतात तोच सायनोॲक्रिलेटचा घट्ट जेल गोंद चालतो. लाइव्ह रॉकचा, म्हणजे जीवाणू वसलेल्या सच्छिद्र खडकाचा, एक लहान तुकडा घ्यावा, त्याची एक बाजू आणि शैवालाची तळाची पकड टिश्यू कागदाने टिपून घ्यावी, गोंदाचा वाटाण्याएवढा थेंब लावून पंधरा सेकंद दाबून धरावे आणि लगेच पाण्यात सोडावे. बोट्रिओक्लेडिया आणि हॅलिमेनिया यांच्यासाठी ही पद्धत उत्तम आहे. ग्रॅसिलेरियाला गोंदाची गरज नसते. तिचा झुबका खडकाच्या फटीत सैलसर खोचला तरी पुरते. मोठ्या खडकाऐवजी लहान तुकड्यावर बसवण्याचा फायदा असा की पुढे जागा बदलायची झाली तर शैवालाला हात न लावता तुकडाच उचलता येतो. मात्र पहिले दोन आठवडे जागा बदलू नये. या काळात थोडीफार टोके गळणे स्वाभाविक आहे. ती काढून टाकावीत आणि बाकीच्या शैवालाला रुळू द्यावे.

पोषण: या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग

पाण्यात नायट्रेट ५ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१ पीपीएम असावे. हे आकडे प्रवाळांच्या टाकीत काहीसे जास्त मानले जातील, पण येथे ते कमीत कमी गरजेचे आहेत. फॉस्फेट शोषणारे माध्यम अशा टाकीत वापरूच नये.

दोन्हींपैकी आधी काय संपते, हे कळले तर पुष्कळ गोंधळ टळतो. तरंगणाऱ्या सूक्ष्म प्लवकांत कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरस यांच्या अणूंचे प्रमाण १०६:१६:१ असते. रेडफिल्डचे म्हणून हे गुणोत्तर प्रसिद्ध आहे. मोठ्या समुद्रशैवालांचे प्रमाण मात्र वेगळे असून, १९८३ साली ॲटकिन्सन आणि स्मिथ यांनी अनेक जाती तपासून काढलेले मध्यक गुणोत्तर ५५०:३०:१ आहे. म्हणजे फॉस्फरसच्या एका अणूमागे शैवालाला नायट्रोजनचे तीसेक अणू लागतात. टेस्ट किटच्या भाषेत सांगायचे तर सुमारे २० पीपीएम नायट्रेट खर्च होते तेव्हा १ पीपीएम फॉस्फेट खर्च होते. माशांच्या खाद्यातून येणारा फॉस्फरस या मानाने जास्त असतो, त्यामुळे शैवाल चांगले वाढत असलेल्या टाकीत नायट्रोजन आधी संपतो. फॉस्फेट भरपूर आणि नायट्रेट शून्य, असे चित्र दिसते ते याच कारणाने. अशा वेळी पाणी बदलून फॉस्फेट उतरवण्याच्या मागे लागू नये. नायट्रेट घालावे, म्हणजे शैवाल पुन्हा वाढू लागते आणि फॉस्फेट आपोआप उतरते.

मासे थोडे असतील तर नायट्रेट बाहेरून द्यावे लागते. त्यासाठी शुद्ध सोडियम नायट्रेट १३.७ ग्रॅम मोजून ते आरओ पाण्यात विरघळवावे आणि एकूण द्रावण एक लिटर करावे. या द्रावणाचे १० मिलिलिटर १०० लिटर पाण्यात घातले की नायट्रेट १ पीपीएमने वाढते. पोटॅशियम नायट्रेटही चालते, पण त्याने पोटॅशियम साठत जाते, म्हणून मी सोडियमचे क्षार पसंत करतो. एका दिवसात २ पीपीएमपेक्षा जास्त वाढ करू नये. द्रावणाच्या बाटलीवर नाव आणि प्रमाण ठळक लिहून ती मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी.

ग्रॅसिलेरिया नायट्रोजन झपाट्याने उचलते आणि साठवून ठेवते. त्यामुळे रोज थेंब थेंब देण्याऐवजी आठवड्यातून एक-दोनदा मात्रा दिली तरी तिचे भागते. टाक्यांत तिची शेती करणारेसुद्धा पोषण असे थांबून थांबून देतात, कारण मधल्या उपाशी दिवसांत तिच्या अंगावर बसणाऱ्या बारीक शैवालांची वाढ खुंटते आणि ग्रॅसिलेरिया मात्र आपल्या साठ्यावर जगते. फिकी पडलेली माझी दुसरी जुडी अशा मात्रेनंतर दहा-बारा दिवसांत पुन्हा तांबडी झाली. रंग आधी खालच्या, सावलीतल्या फांद्यांत भरला आणि नंतर वर चढला, आणि तो चढताना रोज पाहणे हा टाकी राखण्यातील फार मोठा आनंद आहे.

लोह, मँगनीज आणि आयोडीन यांसारखी सूक्ष्मद्रव्ये अल्प प्रमाणात लागतात. दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलले तर सुरुवातीच्या महिन्यांत ती चांगल्या समुद्री मिठातूनच मिळतात. पुढे वाढ जोमाने होऊ लागली आणि नायट्रेट-फॉस्फेट असूनही टोके फिकी राहिली, तर शैवालासाठीचे लोहाचे द्रावण सांगितलेल्या मात्रेच्या निम्म्याने सुरू करावे. आयोडीन मात्र मोजल्याशिवाय कधीही घालू नये.

सोबतीचे जीव

सर्जनफिश आणि रॅबिटफिश लाल शैवाल अत्यंत आवडीने खातात. त्यांच्यासमोर महिनाभर जपलेला झुबका एका दुपारीत संपतो. समुद्री अर्चिन, एमराल्ड खेकडे आणि मोठ्या टर्बो गोगलगायी यांनाही या टाकीत जागा नाही. क्लाउनफिश, गोबी, फायरफिश, कार्डिनलफिश निर्धोक आहेत. सेरिथ आणि नॅसॅरियस गोगलगायी वाळू आणि खडक साफ करतात व शैवालाला धक्का लावत नाहीत. समुद्रघोडे आणि ग्रॅसिलेरिया यांची जोडी तर विशेष शोभते, कारण समुद्रघोड्याला शेपूट गुंडाळायला तिच्या फांद्या अगदी योग्य जाडीच्या असतात. परंतु समुद्रघोडे सांभाळणे हे स्वतंत्र कौशल्य आहे आणि ते पहिल्या वर्षी हाती घेऊ नये.

छाटणी

झुबका दाट झाला की आतल्या फांद्यांना प्रकाश आणि पाणी मिळत नाही आणि तो मधूनच कुजू लागतो. बाहेरून सर्व काही ठीक दिसत असल्याने हे लक्षात येत नाही, म्हणून पंधरा दिवसांतून एकदा बोटांनी झुबका विलगून आतला भाग पाहावा. धारदार कात्रीने एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नये आणि ओढून तोडू नये, कारण ओढताना फांदी ठेचली जाते. बोट्रिओक्लेडियाची पिशवी मधोमध न कापता देठ कापावा. फुटलेली पिशवी पुन्हा भरत नाही. हॅलिमेनियाची विटलेली कड निरोगी भागात अर्धा सेंटीमीटर आत जाऊन कापावी. नवा झुबका करण्यासाठी ग्रॅसिलेरियाचे पाच ते आठ सेंटीमीटरचे तुकडे पुरतात.

छाटताना कधी ग्रॅसिलेरियाच्या फांद्यांवर मोहरीएवढे किंवा त्याहून लहान फुगीर फोड दिसतात. तो रोग नसतो. त्या मादी कायकावरील बीजाणू तयार करणाऱ्या गाठी असतात. लाल शैवालांचे जीवनचक्र अनेक अवस्थांचे असते आणि त्या अवस्था एकमेकींसारख्या दिसतीलच असे नाही. पोर्फायरा या लाल शैवालाचे शिंपल्यात वाढणारे गुलाबी तंतू कॉन्कोसेलिस नावाची वेगळीच जात मानले जात होते. ते पोर्फायराच्याच जीवनाचा एक टप्पा असल्याचे ब्रिटिश शास्त्रज्ञ कॅथलीन ड्रू-बेकर यांनी १९४९ साली दाखवून दिले, आणि त्या एका शोधामुळे जपानमधील नोरी या खाद्य शैवालाची शेती बेभरवशाची राहिली नाही. म्हणून आपल्या टाकीत शिंपल्यावर किंवा खडकावर अनोळखी गुलाबी ठिपका दिसला तर लगेच खरवडू नये, काही आठवडे पाहत राहावे.

काही बिघडल्यास

रंग पिवळट, गवतासारखा होत गेला तर नायट्रोजन कमी आहे. केवळ दिव्याकडची बाजू फिकी गुलाबी किंवा पांढरट झाली आणि सावलीतील बाजू गडद राहिली, तर प्रकाश जास्त आहे. झुबका खाली न्यावा किंवा दिव्याची तीव्रता उतरवावी. या दोहोंची गल्लत सहज होते, कारण उपाशी शैवालही आधी उजेडाकडूनच फिके पडते, म्हणून निर्णय घेण्याआधी नायट्रेट मोजावे. रंग गडद आहे पण महिनाभर वाढ नाही, तर फॉस्फेट, प्रकाश किंवा लोह यांपैकी काहीतरी अपुरे आहे. एका वेळी एकच बदल करून दोन आठवडे थांबावे. भाग नारिंगी होऊन पारदर्शक झाला, तर तो मेलेला आहे आणि त्याच दिवशी कापून काढावा. तो सडू दिला तर पाण्यात अमोनिया वाढतो आणि शेजारचे शैवालही सडू लागते. असा मोठा भाग गेला असेल तर सक्रिय कोळसा दोन-तीन दिवस फिल्टरमध्ये ठेवून वीस टक्के पाणी बदलावे. फांद्यांवर गाळ किंवा तपकिरी साय बसल्यास झुबका काढून, टाकीतूनच काढलेल्या पाण्याच्या बादलीत हलकेच खळबळून घ्यावा आणि प्रवाह थोडा वाढवावा.

कापलेले शैवाल टाकताना

वाढलेले शैवाल दुसऱ्या टाकीवाल्याला द्यावे किंवा सर्जनफिश पाळणाऱ्याला खाद्य म्हणून द्यावे. ते समुद्रात, खाडीत किंवा गटारात मुळीच सोडू नये. ग्रॅसिलेरिया सॅलिकॉर्निया ही जात १९७० च्या दशकात प्रायोगिक शेतीसाठी हवाईच्या ओआहू बेटावर नेण्यात आली आणि तेथील प्रवाळखडकांवर पसरून तिने मूळच्या शैवालांची जागा बळकावली. माणसांनी हातांनी उपसून काढली तरी उरलेल्या तुकड्यांतून ती पुन्हा वाढत राहते. जो चिवटपणा नवख्या माणसाला आपल्या टाकीत हवाहवासा वाटतो, तोच तेथे संकट ठरला. नको असलेले शैवाल उन्हात कडकडीत वाळवावे किंवा दोन दिवस फ्रीजरमध्ये ठेवावे आणि मगच कचऱ्यात टाकावे. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी टाकीतून काढलेले पाणीही किनाऱ्यावर ओतू नये, कारण त्यात तुकडा दिसत नसला तरी बीजाणू असू शकतात.